खालचा आवाज

ईस्टन, ब्रिस्टल
जूनमधला रविवार

प्रिय लेन,

चर्चहून येऊन मम्मीने राजमा-भात शिजत टाकलाय, नारळाच्या दुधाचा वास जिन्यापर्यंत आलाय, आणि मी वर तुझ्या जुन्या खोलीत बसून हे लिहितेय. फोन करणार होते. पण फोनवर मी शाळेतल्या बाईसारखी बोलते असं तूच म्हणतोस, आणि तू काय म्हणतोस ते मला माहीत आहे. दर उन्हाळ्यात मी विचारते, यंदा कार्निव्हलला घरी येणार का, आणि तिकडे चेक देशातल्या ब्रनोहून दर वेळी एकच उत्तर येतं: "बघतो." कागदावर तुला मधेच "बघतो" म्हणता येत नाही. यंदा तू यायला हवास, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना ही बाई आपल्याला गोड बोलून कुठे नेतेय, असा संशय यायला नको.

खोली बरीचशी तशीच आहे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीवर गादी ठोकायचास, त्या खिळ्यांची भोकं अजून चौकटीत आहेत. मधल्या काळात डॅडींनी खिडकी रंगवली, पण भोकं बुजवली नाहीत. त्या गादीआड तू बसायचास. बेकरीतली पाळी संपली की केसांत पीठ घेऊन थेट इथेच. तुला कोणी काही शिकवलं नाही. कुणाच्या तरी भावाने टाकून दिलेला कॉम्प्युटर होता आणि आवाजाचे तुकडे साठवणारं ते करडं यंत्र होतं. यंत्राचं माहितीपुस्तक जर्मनमध्ये, त्यामुळे एकेक बटण दाबायचं आणि काय होतं ते ऐकायचं, एवढीच तुझी शाळा. डॅडींच्या जुन्या तबकड्यांतून ड्रमचा एखादा तुकडा उचलायचास, त्याच्या चिंध्या करायचास, उलट्यासुलट्या जोडून दुप्पट वेगाने पळवायचास. तेव्हा त्याला सगळे जंगल म्हणायचे, ड्रम अँड बेस हे नाव नंतर रुळलं. मी पलंगावर मांडी घालून इतिहासाच्या परीक्षेचा अभ्यास करायचे. आज वर्गात ट्यूडर राजे शिकवताना ते अजून माझ्या डोक्यात त्याच तालावर पळत येतात.

आणि खालून डॅडी ओरडायचे, "आयसिल्डा, तुझं शिवणयंत्र वर कोणी नेलं गं?" मम्मी स्वयंपाकघरातून, "माझं यंत्र असं चाललं असतं तर मी ते दुकानदाराच्या डोक्यात घातलं असतं!" तू खो-खो हसायचास. हसून झाल्यावर तू आवाज थोडा कमी करायचास असंही मला आठवतं, पण ते खरंच पाहिलेलं की मागाहून मनाने भरलेलं, याची खात्री देता येत नाही.

डॅडींची गाणी वाजवायची यंत्रणा, फ्रँकफील्ड हाय-फाय, म्हणजे आपल्या घरातलं थोरलं मूल. आपण दोघं त्याच्यानंतरचे. जमैकातल्या आपल्या गावाचं नाव लावलेले ते कपाटाएवढे स्पीकरचे बॉक्स डॅडींनी दारं-खिडक्यांच्या कारखान्यातून सुटल्यावर एकेक फळी कापून उभे केले. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या मयतानंतर जागवायची नववी रात्र असो, ईस्टनात डॅडींचे बॉक्स लागल्याशिवाय कार्य पार पडायचं नाही. कोणी पोरगा बॉक्सला पाठ लावून उभा राहिला की ते म्हणायचे, "भिंत वाटली का तुला? आजीच्या अंगावर असाच रेलतोस का रे?" तू मात्र लहानपणी त्या बॉक्सच्या पोटात झोपायचास, त्यांचे स्पीकर दुरुस्तीला काढलेले असले की. मम्मी सांगते, तुला शोधायला पहिल्यांदा तिथेच बघायचं.

त्या कार्निव्हलच्या दिवसाबद्दल आपण कधीच नीट बोललो नाही. हे लिहिण्याआधी माझी त्या वर्षाची डायरी काढून पाहिली. त्या शनिवारी मी लिहिलंय, "ऊन होतं. नव्या चपला चावल्या." बाकी काही नाही. तेव्हा आता जे लिहितेय ते आठवणीवर. मम्मीने आठवडाभर डॅडींच्या मागे लागून तुला एका गाण्याची परवानगी मिळवून दिली होती. "एकच," डॅडी म्हणाले, "आणि लोक पळाले तर खुर्च्या तू उचलायच्या." तू बसने लंडनला जाऊन ते गाणं मऊ काळ्या तबकडीवर कोरून आणलं होतंस. एकच प्रत, विकायची नाही, दुसऱ्या कुणाकडे असायची नाही, हीच तुम्हा मुलांची ऐट. गाण्यातला खालचा, बेसचा घुमता आवाज तू या खोलीत, टेपरेकॉर्डरच्या मुठीएवढ्या स्पीकरवर बसवला होतास. त्या स्पीकरवर तो ऐकूच यायचा नाही, म्हणून तू वाढवत गेलास. मला विचारायचास, "आता?" मी म्हणायचे, "काही नाही." तू आणखी वाढवायचास. एवढ्या खालचा आवाज छोट्या स्पीकरला झेपतच नाही, तो तिथे असतो आणि ऐकू येत नाही, हे सांगणारं आपल्या ओळखीत कोणी नव्हतं. घरात एकच माणूस होता ज्याला ते ठाऊक होतं, आणि त्यांना वर बोलवायची तुझी छाती नव्हती.

दुपारी भर रस्त्यात, डॅडींच्या बॉक्सवर तू तबकडी लावलीस. सुरुवातीला नुसते ड्रम, लोक मान हलवत होते, डॅडींच्या दोस्ताने, लिंटन अंकलनी, त्यांना कोपराने ढोसलं, "काय रे ॲस्टली, पोरगं बरं वाजवतंय की!" मग तो आवाज आला. मला तो कानाला आठवत नाही, पोटात आठवतो. न्हाव्याच्या दुकानाची काच थरथरली. पोरं दुकानांची लोखंडी शटरं बडवायला लागली, "मागे घे! मागे घे!" गाणं अंगात भिनलं की वाजवणाऱ्याने तबकडी मागे ओढायची आणि पुन्हा पहिल्यापासून लावायची, हा तर रस्त्याचा हक्क. आणि तेवढ्यात सगळं बंद पडलं. बॉक्सचे कागदी पडदे फाटले होते, जळका वास सुटला होता. पण गर्दीला वाटलं, तू तबकडी मागे घेतलीयस. त्यांनी ती शांतता डोक्यावर घेतली. जितका वेळ काही वाजेना, तितके ते जोराने ओरडत होते, शिट्ट्या मारत होते, नाचत होते. डॅडी बॉक्सच्या तोंडात हात घालून फाटका कागद चाचपत होते आणि सगळा रस्ता आनंदाने शटरं बडवत होता. मला अजून वाटतं, पडदे फाटल्याचं दुःख त्यांनी पचवलं असतं. लोक टाळ्या वाजवत होते, ते त्यांना सोसलं नाही.

ते एवढंच म्हणाले, "तुला जे काय वाजवायचं ते दुसऱ्याच्या पोटावर वाजव." तू त्याच आठवड्यात लंडनला गेलास.

पुढचं सगळं त्या दुपारनेच घडवलं, हे तुला आवडत नाही, पण खरं आहे. ज्या पोराने बापाचे बॉक्स फोडले त्याची तबकडी हवी म्हणून दुकानदार तुला शोधत आले. तू त्यांना दुसरी गाणी दिलीस, ते गाणं कुणालाच दिलं नाहीस. त्यानंतर तू ते कधी वाजवलंसही नाहीस. लोक ज्यासाठी तुला ओळखतात ते गाणं कुणी पुरतं ऐकलेलं नाही, असा तू एकटाच असशील. मग ती चांगली वर्षं आली. जपानहून तू मम्मीला पंखा पाठवलास, तो तिने चर्चमध्ये सगळ्यांच्या तोंडावर हलवला. मग ती दुसरी वर्षं, जेव्हा तुझं संगीत जुनं झालं असं सगळ्यांनी ठरवलं आणि तू गोदामात पार्सलं चढवायचास, आणि मला फोनवर "मजेत आहे" म्हणायचास. मग कुणी तरी तुला ब्रनोला बोलावलं, तिथल्या शेतात हजारो पोरं चिखलात नाचली, आणि तू राहिलासच. प्रत्येक नवी रेकॉर्ड तू घरी पाठवत राहिलास. मम्मी ती काचेच्या कपाटात, चांगल्या बशांच्या मागे ठेवायची. डॅडी त्या कपाटाकडे पाहायचेही नाहीत.

तू गेलास त्या हिवाळ्यात डॅडींनी बॉक्स पुन्हा बांधायला घेतले. हे मी तुला पूर्वी सांगितलं नाही, कारण त्याचा काय अर्थ करायचा ते मला कळत नव्हतं, अजूनही पुरतं कळत नाही. फाटलेल्या स्पीकरच्या जागी त्यांनी दुप्पट जड आणले. फळ्या जाड घेतल्या, आत आडवे टेकू ठोकले. लिंटन अंकल म्हणाले, "अरे, जुन्या गाण्यांना एवढं कशाला? यात बैल बांधणार आहेस का?" डॅडी म्हणाले, "लाकूड स्वस्तात मिळालं." कदाचित मिळालंही असेल.

आता कानांचं. थोडंफार मी तुला सांगितलंय, पण हलकं करून सांगितलंय. उजवा कान लहानपणच्या गालगुंडापासून बंदच होता. डावा वरच्या पट्टीकडून खाली जात गेला. आधी दाराची घंटा गेली, मग पाखरं, मग माझा आवाज. स्वतःच्या तबकड्यांतली ट्रम्पेटं ऐकू येईनात तेव्हा ते म्हणाले, हल्ली सुया बनवणारे चोर आहेत. मग मम्मी गेली. म्हणजे मम्मीचं बोलणं. आता ती पांढऱ्या पाटीवर लिहून त्यांच्या नाकासमोर धरते. बटाटे, डॉक्टर, तुझं चुकलंय. शेवटचं वाक्य तिने एका कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलंय, वेळ वाचावा म्हणून.

मार्चमध्ये एका दुपारी मी आले तर रस्त्यापासूनच घर घुमत होतं. मम्मी स्वयंपाकघरात एप्रनला हात पुसत उभी, कपाटातल्या बशा किणकिणतायत. मी विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, "आत जा, तुझा भाऊ बापाशी बोलतोय." मला क्षणभर खरंच वाटलं तू आलास. आत डॅडी खुर्ची बॉक्सला भिडवून बसले होते, दोन्ही तळवे फळीवर, डोळे मिटलेले, आणि तुझी रेकॉर्ड फिरत होती. मला पाहून दचकले. मग जरा घसा खाकरून म्हणाले, "खालचं काम स्वच्छ आहे याचं. वरचं मला ऐकू येत नाही. तेच बरंय म्हणते तुझी आई." त्यांच्या कानात आता फक्त सगळ्यात खालचे आवाज उरलेत, लेन. त्यांची स्वतःची गाणी गेली. तुझी राहिली. तेव्हापासून त्यांनी काचेच्या कपाटातल्या तुझ्या सगळ्या रेकॉर्डी एकेक करून, बशा हलवून, बाहेर काढल्यायत.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सुचवलंय. डाव्या कानाच्या आत यंत्र बसवायचं. माणसांचं बोलणं परत कळायला लागेल. पण जे थोडं खालचं ऐकू येतं, ते बहुधा जाईल. मी पाटीवर लिहून दाखवलं. डॅडींनी वाचलं, बाहीने पुसलं आणि कोट घातला. हॉस्पिटलने दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा डॅडी गेले नाहीत. मम्मी त्या दिवशी जी भडकली! "इतकी वर्षं तुझे खोके ऐकले मी. झोपेत ऐकले, बाळंतपणात ऐकले. आता माझं ऐकायची वेळ आली तर याला खोके हवेत!" हे तिने मोठ्याने म्हटलं आणि ते ऐकणारी मी एकटीच होते. तेच फार वाईट होतं. मला तिचं पटतं. त्यांचंही पटतं. मम्मीला पुन्हा कुणी तरी ऐकावं असं मला वाटतं, आणि त्या खुर्चीतून त्यांना उठवावंसं वाटत नाही. या दोन्हींत मी माझा फायदा कुठे बघतेय का, हेही मी स्वतःला विचारून पाहिलं.

गुरुवारी मम्मी आणि मी भाजी चिरत होतो. डॅडी दारात येऊन म्हणाले, "ऑपरेशन करतो. कार्निव्हलनंतरच्या मंगळवारी. तारीख घेऊन आलोय." मम्मीच्या हातातली सुरी थांबली. तिने पाटी ओढून लिहिलं: कार्निव्हलच्या आधी का नाही? डॅडी माझ्याकडे वळले. तुझं नाव त्यांनी घेतलं, लेन. इतक्या वर्षांत मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "लेनरॉयचं ते गाणं," ते म्हणाले, "पुढे काय होतं त्यात?" मी मान हलवली, मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. "मग त्याला लिही. म्हणावं, ती तबकडी घेऊन ये. शनिवारी रस्त्यावर लावू. बॉक्स आता सोसतील." एवढं बोलून ते बागेत गेले आणि उगाचच कुंपण हलवून बघत राहिले. म्हणून हे पत्र. मम्मीला मी विचारलं, तुला चालेल ना, कार्निव्हलपर्यंत थांबायला? ती म्हणाली, "एवढी थांबले, शनिवार तो काय? पण त्या पोराला सांग, गाणं लांबलचक असलं तर मी मधे येऊन बॉक्सची पिन काढीन." तिकीट काढलंस की उत्तर मला नको, तिला फोन कर. ती बागेत जाईल आणि पाटी न घेता, शेजारपाजार गोळा होईपर्यंत, डॅडींना ओरडून सांगेल.

वाट पाहणारी, तुझीच
इव्हेट