जाहिरात लागल्यावर सून जे बोलली

आत्याबाई, मी कोण ते आधी सांगते, नाहीतर अर्धं पत्र ऐकून झाल्यावर तुम्ही विचाराल, "ही कुणाची गं बाई?" मी तुमची थोरली सून. शेवटी शेवटी जिला तुम्ही कधी धाकट्या जावेच्या नावानं, कधी तुमच्या बहिणीच्या नावानं आणि एकदा तर म्हशीच्या नावानं हाक मारलीत, ती. मी तिन्हीला ओ दिली. मेल्यावर माणसाची आठवण सुधारते की आणखी बिघडते ते मला ठाऊक नाही, म्हणून ओळख पटवून दिलेली बरी. मला अक्षर येत नाही आणि तुम्हालाही येत नव्हतं, तेव्हा आपल्या दोघींत पत्राचं काय काम, असं कुणीही म्हणेल. लिहून घेतेय माझी सून. ती शिकलेली आहे, मी 'हाय' म्हणते आणि ती 'आहे' लिहिते. मी माझ्या भावाला काही कळवतेय, असं तिला वाटलं होतं. 'आत्याबाई' म्हटल्याबरोबर तिनं पेन उचललं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "आत्या, बरं वाटतंय ना?" म्हटलं, "लई बरं वाटतंय. तू लिही."

टीव्हीबद्दल बोलायचं आहे. तुम्हाला टीव्ही आठवत असेल, बाकी काही आठवो न आठवो. तुमच्या लेकानं सोनईहून बैलगाडीत, गोधडीत गुंडाळून आणला होता, बाळंतिणीला आणावं तसा. तुम्ही त्याला हळदीकुंकू लावलंत. बातम्या देणारा माणूस आला की तुम्ही डोक्यावरून पदर ओढून घ्यायचात, का तर तो परका बाप्या थेट आपल्याकडं बघतो. तुम्ही पुढं पाटावर, मामंजी खाटेवर, गल्लीतली सगळी पोरं जमिनीवर, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. सुनेनं सासऱ्यासमोर येऊन बसायचं नाही, अशी आपल्या घरची रीत. दाराच्या चौकटीतून मला टीव्ही अर्धाच दिसायचा. आता हसू येतं, पण त्या काळातल्या सगळ्या मालिका मी डाव्या बाजूनंच पाहिल्या. डावीकडं उभी राहणारी माणसं मला चेहऱ्यानं पाठ, उजवीकडची नुसती आवाजानं. कुणी डावीकडून उजवीकडं गेलं की माझ्यापुरतं ते वारलं. आणि तुम्ही मधेच मागं वळून विचारताय, "हा कोन गं आता नवीन?" मी भाकरी थापता थापता सांगते, "आत्याबाई, त्यो तिचा नवरा. कालबी हुता." तुम्ही म्हणता, "काल न्हवता." रोज हेच.

आता आमच्याकडं भिंतीएवढा टीव्ही आहे आणि मी दिवाणावर तक्क्याला टेकून बसते. सगळा दिसतो. न दिसता तर बरं होतं, असं कधी कधी वाटतं. तुम्ही पाहिलंत तर पुन्हा मराल. मालिकेतल्या बाया रात्री झोपताना जरीची साडी नेसतात, नथ घालतात आणि सकाळी उठतात तेव्हा केस तसेच चोपलेले. एका घरात दहा माणसं, पण शेण कोण काढतं ते कधी दाखवत नाहीत. बातम्यांत पाच-सहा जण चौकटीत बसून एकदमच ओरडतात, त्यांना कुणी घोटभर पाणीही विचारत नाही. स्वयंपाकाचा कार्यक्रम लागतो, त्यात एक बाई चमच्यानं मोजून ठेचा करत होती. चमच्यानं! मी गारच पडले. आणि सगळी कारस्थानं दारामागून ऐकायची. अहो, मी जन्मभर दारामागं उभी होते, मला एक कारस्थान ऐकू आलं नाही. तुम्ही आणि मामंजी नुसतं वैरणीचं बोलायचात.

हे लिहिताना सून हसतेय. हसू दे. पुढचं ऐकल्यावर हसणार नाही.

तर संध्याकाळी एक मालिका लागते, ती मला सगळ्यांत आवडायची. त्यात एक सून आहे, बिचारी, रडून रडून डोळे सुजलेली, आणि एक सासू आहे, नुसती विळ्यासारखी. ती सून रडायला लागली की मलाही भरून यायचं. मनात म्हणायचे, बाई गं, मीही अशीच काढली. तुमची आठवण यायची तेव्हा, आत्याबाई, राग मानू नका. त्या सासूच्या जागी मी तुम्हाला बसवलं होतं आणि सुनेच्या जागी मी बसले होते. जन्मभर मी स्वतःला तीच समजत आले. मग मागच्या आठवड्यात काय झालं, तर ती सून ओट्यापाशी हुंदके देत होती आणि सासू दारात येऊन म्हणाली, "रडून झालं असंल तर चहा ठेव." लगेच जाहिरात लागली. माझी सून खाली मेथी निवडत बसली होती. मान वर करून म्हणाली, "आत्या, ही सासू थेट तुमच्यावानी हाय बघा."

आत्याबाई, हातातली बशी हातातच राहिली. टीव्हीवर कुणीतरी दात घासत होतं आणि मला वाटलं, माझ्या घरात मला आजवर कुणी सांगितलंच नाही की मी कोण आहे. मी इतकी वर्षं ओट्यापाशी रडत होते ना? मग दारात कधी जाऊन उभी राहिले? कुणाला विचारावं? तुम्हाला विचारावं तर तुम्ही म्हणाल, मी कुठं वाईट होते? आणि तसंच असणार. तुम्हीही मनात कुठं तरी ओट्यापाशीच उभ्या असणार.

पोरीच्या शाळेसाठी तुमचा नातू, म्हणजे माझा मुलगा, बिऱ्हाड नगरला हलवतोय. दिवाळीनंतर जायचं. मला संगं न्यायचं ठरलं होतं, मी कापडंसुद्धा निवडून ठेवली होती. त्या जाहिरातीनंतर मी जाहीर करून टाकलं, "मी काय येत न्हाई. मला हितंच बरं." पोरानं विचारलं, "का गं, काय झालं?" म्हटलं, "नगरला म्हशी न्हाईत." सून ताटं उचलून आत गेली. मी मनात म्हटलं, बरंच झालं तिला. आणि सोमवारी त्या मालिकेत ती सासू मेली. धक्काच! जिन्यावरून पडली का ढकलली, ते त्या दिवशी सांगितलं नाही. शेजारच्या बाया आमच्याकडंच बघायला आल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सुनेकडं चोरून पाहिलं, टाळ्या वाजवते का म्हणून. तिनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, हसतेय. तेव्हापासून तिनं ती मालिका लावलीच नाही. म्हणते, रिमोटचे सेल गेले. रिमोटचे सेल चांगले आहेत, मी दुपारी दाबून पाहिले.

आता खरं सांगते, हे पत्र तुम्हाला नाहीच. तोंडावर विचारायचं मला जमेना, म्हणून तुमच्या नावानं विचारतेय आणि लिहायला तिलाच बसवलंय. लिही गं. लिही, की माझी सून मला तसली समजते का, आणि मी नगरला गेले तर तिच्या डोक्याला ताप होईल का. लिहिलंस? तिनं पेन ठेवलं, आत्याबाई. उठून आत जाईल असं वाटलं, पण बसून राहिली. मग म्हणाली, "आत्या, मी काय वाईट म्हनले का? त्या सगळ्या घरात ती एकटीच खरं बोलायची. बाकीच्या नुसत्या रडत्यात." मी म्हटलं, "मग मेली तवा हसत का हुतीस?" ती म्हणाली, "रडत हुते मी!"

मग ती सांगायला लागली. तिचे वडील गेले, तेव्हा येणारी प्रत्येक बाई तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडायची आणि हीच त्यांना पाणी द्यायची, गप्प करायची. आठवडाभर असं चाललं. "मग तुमी आल्या, दारात उभ्या ऱ्हायल्या आन् म्हनल्या, रडून झालं असंल तर चहा ठेव, मीबी पिते तुझ्यासंगं. तवा पयल्यांदा माझ्या घशाखाली काही उतरलं." मला यातलं काही, अगदी काही आठवत नाही. मी असं बोलले होते? बोलले असेन. वाक्य तुमचंच असणार, माझ्या तोंडी बसलेलं. मी म्हटलं, "आगं, मग तवाच सांगायचं ना! मला वाटलं..." ती म्हणाली, "तुमाला काय बी वाटतं. आन् नगरला म्हशी न्हाईत म्हनून येत न्हाई? म्हशीचं दूध तुमाला पचतं तरी का?" बघा, कशी बोलते. ही कुणावर गेली? तिला मी म्हटलं, हेही लिही, सगळं लिही, आणि माझी कापडं पुन्हा बाहेर काढ. ती नाक ओढत लिहितेय.

पत्र पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी तुम्ही ते कुठं ठेवलंत ते विसरला असता. म्हणून ते घरातच राहील. एकच कबूल करते, एरवी तुमची आठवण येत नाही, खोटं कशाला बोलू. पण जाहिरात लागली की येते, आणि हल्ली जाहिराती लई लागतात. इकडून तिकडं जाणारे पुष्कळ आहेत. तिकडून इकडं येणारं कुणी असेल तर त्याच्याकडं हुरडा पाठवा. गुळभेंडी जोंधळ्याचा, आणि कोवळा बघून, मला दात राहिले नाहीत. संगं लसणाची चटणी. दोघींना पुरेल एवढा पाठवा, आम्ही एकाच ताटात खाऊ.