संत जॉर्जकडे रोज अर्धा तास

सोमवार, ३

सासऱ्यांची नजर चाललीय. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणून त्यांची एकेचाळीस ब्रिटिश नाणी ते आता कुणाच्या तरी हवाली करणार. उमेदवार दोन जावई: मी आणि साडू. अट विचित्र आहे. दोघांना एकेक नाणं दिलंय. ते पंधरवडाभर रोज अर्धा तास नुसतं बघायचं आणि सोळा तारखेला काय दिसलं ते सांगायचं. बाकी काही करायचं नाही. ‘नुसतं’ हा शब्द सासरे दोनदा म्हणाले. वयोमानाने माणूस तेच तेच बोलतो.

साडूला तांब्याची पेनी: त्रिशूळ घेऊन बसलेली ब्रिटानिया. मला १८२१चा चांदीचा क्राउन: घोड्यावर संत जॉर्ज, खाली ड्रॅगन. लाडका कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. चौदा वर्षांत सासरे मला एकदाही ‘तुम्हाला यातलं कळतं’ असं म्हणालेले नाहीत. ते एकदा ऐकायचंच. संग्रह काय, मागून येईलच.

मंगळवार, ४. सकाळी ६.००

बघायला बसलो.

६.०४

बघून झालं. संत, घोडा, ड्रॅगन. उरलेली सव्वीस मिनिटं कशासाठी, कळत नाही.

बुधवार, ५

आज जमलं नाही. मूळ अडचण भिंगाची आहे. भिंगाशिवाय बघणं म्हणजे निव्वळ हौशीपणा. ऑनलाइन मागवलं. येईपर्यंत बघण्यात अर्थ नाही.

शुक्रवार, ७

साडूने पेनी परत केली. टायरच्या दुकानातून मान वर करायला सवड नाही म्हणे. चला, मैदान मोकळं!

सकाळी बायको माझा क्राउन घेऊन खिडकीशी उभी. म्हणाली, या संताच्या डोक्यावर शिरस्त्राण, पायात बूट, खांद्यावर झगा आणि मधे काहीच नाही, लढाईला असं कोण जातं? मी म्हटलं, याला कला म्हणतात. तर म्हणे, तलवारही एवढीशीच, ड्रॅगनपर्यंत पोचायचं तर बिचारा घोड्यावरून पडायचा. एकटीच हसत होती. दूध उतू गेलं. तिला अशा फुटकळ गोष्टींसाठी वेळ असतो. नोकरी तीही करते म्हणा, पण तरी.

रविवार, ९

भिंग आलं. त्यातून नाण्यापेक्षा माझ्या अंगठ्याच्या रेषाच जास्त दिसतात. माल खराब. त्याऐवजी इंटरनेटवरून वजन, व्यास, टांकसाळ, राजाची वंशावळ असं सगळं उतरवून घेतलं. बावीस पानं भरली. अशा अभ्यासापुढे रोजचा अर्धा तास म्हणजे किस झाड की पत्ती.

बुधवार, १२

बायको रोज वडिलांना फोन करते. आज कानावर आलं, घोड्याबद्दल काहीतरी चाललं होतं. म्हणजे माझ्या अभ्यासाचं कौतुक असणार. मुद्दाम दुसऱ्या खोलीत गेलो. स्वतःची स्तुती ऐकणं बरं नव्हे.

शनिवार, १५. दुपारी

एक महत्त्वाची गोष्ट आजवर कुणाच्याच डोक्यात कशी आली नाही? क्राउन पार काळपटलाय. मला धडधाकट डोळ्यांनी चार मिनिटांत कंटाळा येतो, तर सासऱ्यांना बिचाऱ्यांना काय दिसणार? बायको बाहेर गेलीय. आपला हात जगन्नाथ. चांदीची भांडी घासायची पावडर आणि जुना टूथब्रश. पाऊण तास घासलं. या पंधरवड्यात नाण्यापाशी इतका वेळ प्रथमच बसलो. काल पाडल्यासारखं लखलखतंय. उद्या नुसते बघत राहतील.

रविवार, १६. सासऱ्यांकडून आल्यावर

नऊ पानं वाचली. दहाव्याला सासऱ्यांनी थांबवलं आणि विचारलं, ते सगळं ठीक, पण दिसलं काय? म्हटलं, आता तुम्हीच बघा, आणि क्राउन त्यांच्या तळहातावर ठेवला. ते खिडकीशी गेले. नाणं डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मला वाटलं, गहिवरले.

मग म्हणाले, दोनशे वर्षांची झाक होती ती, तिच्यामुळेच चित्राला उठाव होता. जाणता माणूस नाण्याला साधा रुमालसुद्धा लावत नाही. ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. खुर्चीत बसले आणि डोळे पुसले.

नंतर सासऱ्यांनी बायकोला विचारलं. ती कागदाशिवाय बोलत होती. घोड्याचं पोट, त्याची मान, संताचा चेहरा. सासरे डोळे मिटून ऐकत होते, मधेच ‘हो, हो’ म्हणत होते. संग्रह तिला दिला. चाळीस नाणी. क्राउन माझ्या हातात ठेवून म्हणाले, हा तुम्हीच ठेवा.

म्हणजे सगळ्यात देखणा नग मला! तोंडावर बोलत नाहीत, पण माणसाची पारख आहे.

सोमवार, १७

बायकोला हे ऐकवलं. ती म्हणाली, तो बाबांचा पहिला क्राउन. नजर पुरती जाण्याआधी शेवटचं तेच नाणं बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आता ते संग्रहात ठेवण्यासारखं राहिलं नाही, म्हणून तुम्हाला.

मी म्हटलं, अगं, त्यांना नीट दिसावं म्हणूनच घासलं. ती म्हणाली, माहितेय मला. आणि बाबांनाही.

वाईट वाटतंय. यावर काय सबब द्यावी, सुचत नाही.

क्राउन घेऊन बसलो. पुरता अर्धा तास. मग बायकोला हाक मारली आणि विचारलं, तुला काय दिसतं यात? तिने नाणं उजेडात धरलं, इकडून तिकडून फिरवलं. म्हणाली, आता नुसता बघणाऱ्याचा चेहरा दिसतो.

मलाही तेवढंच दिसलं होतं.