हुशारबाईचे नाक

॥ श्री ॥
बोर्डी, १४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. संगितास चंद्रिकाआत्याचे आशीर्वाद. वि. वि.

नोकरी करणाऱ्या आईने घरात बाहुल्यांचा जोडधंदा मांडू नये, एवढेच मला या पत्रव्यवहारात सिद्ध करायचे आहे. फोनवर ते होणार नाही. तिथे तू मध्येच बस सुटते आहे म्हणतेस आणि माझा युक्तिवाद थांब्यावर उभा राहतो.

तुझ्या सासूबाईंची, म्हणजे जमनावहिनीची, तक्रार माझ्यापुढे आली आहे. दिवसभर तू डहाणू-तलासरी बसमध्ये तिकिटे देतेस आणि संध्याकाळी चिंगीचा अभ्यास घ्यायचा सोडून चिंध्या घेऊन बसतेस. बाहुल्यांत भरायचा सावरीचा कापूस घरभर उडतो आणि गेल्या गुरुवारी तो आमटीत सापडला. वहिनी म्हणते, उकळूनही शिजला नाही.

तुम्ही सर्वांनी माझा निकाल मान्य करायचे ठरवले आहे. तो तुझ्याविरुद्ध गेल्यास शिलाई मशीन दिवाळीपूर्वी वहिनीच्या बहिणीकडे कोसबाडला जाईल, हेही ठरले आहे. नविनला त्याचे मत विचारले. दोन्ही बाजू बरोबर आहेत, असे तो म्हणाला. तुझा नवरा असला तरी तो माझ्या भावाचा मुलगा आहे, म्हणून मी या विधानावर भाष्य करीत नाही.

कॉलेजात तर्कशास्त्र शिकवताना मी पुरावा न पाहता कुणालाही दोषी धरले नाही, कॉपी करणाऱ्यांनासुद्धा नाही. तरी सर्वांत जास्त खपणारी बाहुली पाठव.

माया आहेच. ती युक्तिवादात धरू नये.
चंद्रिका

तलासरी, १९ सप्टेंबर २०२५

ती. आत्याबाईंस संगिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. ह्यांना वाचून दाखवलं. त्यांना तुमचंही पटलं.

आमटीतला कापूस माझाच, गुन्हा कबूल. पण अभ्यासाचं खोटं आहे. चिंगी माझ्या शेजारी बसूनच पाढे म्हणते. ती चुकली की मी मशीन थांबवते, आणि मशीन थांबलं की ती आपोआप पाढा सुधारते.

आत्याबाई, दिवसभर लोक माझ्याशी फक्त सुट्ट्या पैशांवरून बोलतात. मी मात्र त्यांचे चेहरे बघत असते. उंबरगावकडची एक बेन आहे. मिसरूड फुटलेल्या मुलाला ती दरवेळी चार वर्षांचा सांगते, अर्ध्या तिकिटाचंही नाव नाही. तिची बाहुली केली. पदराआड मुलगा, आणि त्याचे लांबलचक पाय बाहेर. चिकूच्या पाटीला मिठी मारून झोपणारे आजोबा केले. तिकिटं काय, हातातलं यंत्रही देतं. बाहुली माझ्याशिवाय होत नाही. संध्याकाळचा तो तास माझ्या हातांचा आहे. मशीन गेलं तर मी रडून गोंधळ घालणार नाही, पण मग बसमध्ये कुणाकडे कशासाठी बघायचं, हे मला कळणार नाही.

सर्वांत खपते ती हुशारबाई. नोकरीवर जाणाऱ्या आया तिला मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवून जातात. ती समोर असली की मोबाइलला हात लावायची हिंमत होत नाही म्हणे. पण ती सध्या शिल्लक नाही. खरंच नाही. म्हणून आजोबा पाठवते. हुशारबाईचा आग्रह धरू नका, पाया पडते.

कृपादृष्टी असू द्या. बघताना चष्मा नाही लावलात तरी चालेल.
संगिता

बोर्डी, २५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. संगितास आशीर्वाद. वि. वि.

आजोबा मिळाले. झोप अस्सल आहे. परंतु जो माल शिल्लक नाही असे सांगताना 'खरंच' म्हणावे लागते, तो शोधणे माझे कर्तव्य ठरते. शेजारच्या दक्षाकडे हुशारबाई सापडली. दाखवताना दक्षाने तोंडाला ओढणी लावली होती, सर्दी असावी. तिचा मुलगा आळीपाळीने बाहुलीकडे आणि माझ्याकडे पाहत होता. हल्लीच्या मुलांचे लक्ष एका जागी ठरत नाही.

आता बाहुलीविषयी. घट्ट अंबाडा, दोरीला बांधलेला चष्मा, उजव्या काखेत छत्री, वर केलेली तर्जनी. इथवर आक्षेप नाही. अशा बायका असतात, आणि असाव्यात. परंतु ते नाक! ते पोपटाच्या निर्धाराने निघते, मध्यावर विचार बदलते आणि टोकाशी उजवीकडे वळून पाहते. मनुष्यजातीत असे नाक संभवत नाही.

तुझा दावा असा, की तू माणसांचे चेहरे पाहतेस. जी पाहते तिच्या हातून असे नाक होणार नाही. तुझ्या हातून झाले. म्हणजे तू पाहत नाहीस, आणि तो तास वाया जातो. निकाल तुझ्याविरुद्ध. मशीन कोसबाडला पाठवावे.

राग यावा, पण मुद्देसूद यावा.
चंद्रिका

तलासरी, ३० सप्टेंबर २०२५

ती. आत्याबाईंस शि. सा. नमस्कार. वि. वि.

निकाल मान्य. मशीन पुसून, तेल घालून ठेवलंय. येत्या रविवारी हे कोसबाडला पोचवतील. चिंगी मात्र मशीनच्या पायाशी बसून चुकीचे पाढे म्हणते, आणि सुधारत नाही.

नाकाबद्दल एकच सांगते. ते मी मनानं केलेलं नाही. आमच्या लग्नातला फोटो सोबत जोडलाय. तुम्ही मांडवात बँडवाल्यांना शिस्त समजावताय, तो बाजूनं घेतलेला. त्यावरून कितीदा उसवलं, तेव्हा जमलं. माफी मागणार होते, पण टोकाचं ते वळण मला फार आवडतं, मग मागू कशी?

ता. क. सासूबाई सांगतात तसं लिहिते: वन्सं, माझी तक्रार कापसाची होती, नाकाची नाही. नाक बरोबर आहे, मीच तपासून दिलं. तुमचे भाऊही तेच नाक घेऊन आमटीचा वास घ्यायचे. अंगणवाडीतल्या बायांना हुशारबाई देते म्हणून मी बोलून बसलेय, आता त्यांना काय तोंड दाखवू? तक्रार मागे घेतली म्हणून समजा.

राग धरू नका. धरलात तर छत्री घरी ठेवून या.
संगिता

बोर्डी, ३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. संगितास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र टपालाने नव्हे, तर बसने, तुझ्या सहकारी कंडक्टरच्या हाती पाठवीत आहे. रविवारपूर्वी ते पोचणे आवश्यक आहे.

फोटो पाहिला. नंतर आरशासमोर उभी राहिले. समोरून काहीच सिद्ध होईना, म्हणून दक्षाकडून दुसरा आरसा मागून आणला. तिची सर्दी पुन्हा उफाळली. दोन आरशांच्या मध्ये मान वळवल्यावर निष्कर्ष टाळता आला नाही. असे नाक संभवते. ते साठ वर्षांहून अधिक काळ संभवत आले आहे, आणि मी ते रोज धूत आले आहे.

मुख्य आधारच पडला, तेव्हा निकालही पडला. तू पाहतेस. वर्गात मुले माझ्यासमोर बसत, बहुतेकांचे डोळे खिडकीबाहेर असत. माझ्याकडे एवढे निरखून कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही.

मशीन जागेवरून हलवू नये. कापूस भरताना आमटीवर झाकण ठेवावे, आणि ते धरून बसण्याचे काम नविनकडे द्यावे. दोन्ही बाजू बरोबर आहेत एवढे सांगून झाले, की त्याचे हात रिकामेच असतात. वहिनीला सांग, अंगणवाडीला दिलेला शब्द पाळता येईल. चिंगीचे पाढे मी दिवाळीत तपासेन.

छत्री मी डाव्या काखेत धरते, फोटो पुन्हा पाहावा. ही दुरुस्ती केलेली एक हुशारबाई मलाही पाठव. घरात बरोबरीने वाद घालणारे कोणी नाही.

नाकाबाबत माझी चूक झाली. बँडवाल्यांबाबत मी बरोबर होते.

सही,
चंद्रिका