फुंका, अप्पा

प्रिय दादा,

चौकातला विषय निघाला की तू फोन ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. मधेच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

इकडे नांदेडात ऊन लई तापलंय. आपली अव्वा गेल्यापासून अप्पा पहाटेच उठतात. आंघोळ, पूजा, कपाळाला विभूती, मग शाळेची व्हॅन पुसायची. त्यात कधी खंड नाही, म्हणून आपल्याला कुणालाच शंका आली नाही. माझी ट्रॅफिकची ड्यूटी लवकर सुरू होते. ते घरातून कसे निघतात हे मी पाहिलंच नव्हतं.

त्या सोमवारी शाळेच्या गाड्या तपासायचा हुकूम होता. देगलूर नाक्याच्या चौकात मी आणि आमचे जमादार बालाजीकाका उभे होतो. अप्पांची व्हॅन दुभाजकाला घासत आली. आत पोरं खच्चून भरलेली. दार धरून अप्पा उतरले, तर मला वाटलं बीपी वाढला असेल. "गोळी विसरलात का?" मी विचारलं. "न्हाई गं, घेतली की," म्हणाले आणि वेलदोड्याआडून दारूचा वास आला. रात्रीचा शिळा नव्हे, ताजा.

बालाजीकाकांनाही कळलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "घरचं माणूस हाय पोरी. मशीन काढू नको. पोरं मी सोडून येतो, तू अप्पाला घरी घेऊन जा." चांगल्या मनानंच म्हणाले. माझी मान हलणारच होती, तेवढ्यात पुढच्या सीटवरची एक मुलगी खिडकीतून म्हणाली, "ताई, आज काका सिग्नलला झोपले होते. आम्ही हलवून उठवलं."

दादा, मी श्वास तपासायचं मशीन काढलं. नवी नळी लावली आणि म्हणाले, "फुंका, अप्पा."

"माझ्यावर मशीन लावायलीस?" एवढंच बोलले. पहिल्यांदा नुसते गाल फुगवले. सगळेच तसं करतात. "नीट फुंका," मी म्हणाले, परक्याला म्हणते तशी. मग ते फुंकले. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. पुढचे कागद बालाजीकाकांनी केले, मग पोरंही तेच शाळेत सोडून आले. अव्वाच्या तेराव्यालाही न रडलेला माणूस रस्त्याकडे पाठ करून उभा होता.

रक्ताच्या तपासणीला सरकारी दवाखान्यात नेलं. बाकावर आम्ही दोघंच. मला वाटलं, शिव्या देतील. पण त्यांनी विचारलं, "पोरं शाळेत पोचली का?" मी हो म्हणाले. त्यावर म्हणाले, "तुझी अव्वा गेली तवापासनं सकाळ निघत न्हाई गं. थोडी घेतली की हातांचं थरथरणं थांबतं." मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

पाहुण्यांत माझं नाव निघालं की लोक थुंकतात म्हणे. बापाला भर चौकात उभं केलं, नोकरी डोक्यात गेली. तूही तेच म्हणालास. म्हण. पण दवाखान्यातलं हे तुला कुणी सांगितलं नसेल, अप्पा तर सांगणारच नाहीत. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. मी वाढते, ते जेवतात.

काल त्यांनी पिशवी भरली. उद्याच्या गाडीनं उदगीरला तुझ्याकडे येतायत. त्यांचा परवाना जमा आहे, कोर्टाची तारीख पडायचीय. आणि वहिनी सांगत होती की तू त्यांना दुकानाचा टेम्पो देणार आहेस, तुझ्या शिवांशला शाळेत सोडायचं कामही तेच करतील. म्हाताऱ्याचा मान राहील म्हणून. दादा, मान दुसऱ्या कशानं तरी ठेव. गल्ल्यावर बसव, सकाळी उठल्या उठल्या त्यांच्याजवळ बस, व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरकडे तू स्वतः घेऊन जा. माझ्याबरोबर ते येणार नाहीत. चावी मात्र देऊ नकोस. ते मागतील, रागावतील, माझ्याशी धरला तसा तुझ्याशीही अबोला धरतील. तरी देऊ नकोस. शिवांश त्यांच्या शेजारी बसलाय, हे चित्र मला दिवसभर दिसत राहतं. माझ्यावरचा राग खुशाल ठेव.

तुझीच,
अंजू