आत एक

३ जून
पोहोचलो एकदाचा! बसने हाडं खिळखिळी केली, पण डोंगरावरची हवा गार आहे आणि वाफेच्या विहिरींची घरघर ऐकून छान डुलकी लागते. स्वयंपाकघरातल्या बु तुकिनेमनी आल्याआल्या भात आणि तळलेलं सोयाबीनचं तेम्पे वाढलं. माझी बसलेली गालफडं बघून विचारलं, बायको उपाशी ठेवते की काय! लास्त्रीचे दिवस भरत आलेत. वीस तारखेपासूनची रजा आधी मंजूर करून घेतली, मगच ही जमिनीतल्या वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्राची नोकरी धरली. तोवर ढकलायचं.

४ जून
माझं काम माणसं मोजण्याचं. विहिरींच्या कुंपणात शिरताना प्रत्येकाने आपला बिल्ला फळ्यावर 'आत'च्या खुंटीला अडकवायचा, निघताना 'बाहेर'च्या. ज्वालामुखीच तो, कधी विषारी वायू सोडेल नेम नाही. फळ्यावर कोणी आत दिसला, की शोधायला मी जायचं.

संध्याकाळी सगळे बाहेर, तरी आत एक. पहिल्या खुंटीला जुना लाकडी बिल्ला, त्यावर कोरलेलं: 'आजोबा'. मुकादम पाक सुरोसो म्हणाले, तो डोंगराचा. म्हाताऱ्याची वाफ विकून आपण पोट भरतो, मग त्याच्याच घरात त्याची खुंटी नको?

६ जून
शहरातून तपासणी येणार. आत एक का, याचा खुलासा मलाच द्यावा लागला असता. दमलेल्या माणसाला वाद नको असतो. आजोबांचा बिल्ला काढला आणि चुलीत घातला. बु तुकिनेमनी पळी खाली ठेवली. म्हणाल्या, अहो मास प्रास्तोवो, म्हाताऱ्याला घराबाहेर काढलंत, आता घर राखायला कोण?

९ जून
आत एक. पहिल्या खुंटीला माझा बिल्ला. कोणाची तरी चेष्टा. नियम म्हणजे नियम, म्हणून आत जाऊन स्वतःलाच शोधून आलो. पाक सुरोसोंनी विचारलं, मग, सापडलात का? सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. पण फार थकलोय.

१२ जून
पुन्हा. बिल्ला खिशात ठेवला होता, वर बटण लावलं होतं. तरी खुंटीवर. आज कोणी हसलं नाही. बूट काढले तर तळवे भाजलेले. जेवताना बु तुकिनेम मला वाढायलाच विसरल्या.

१५ जून
नवा बिल्ला घडवला. 'आजोबा' कोरलं, माफी मागितली, अडकवला. दुपारी त्यावर माझं नाव — कोरलेलं. मला भीती वाटतेय. बु तुकिनेम म्हणाल्या, नातवाने आजोबांची जागा घेतली. बोलताना माझ्याकडे नाही, शेजारच्या भिंतीकडे बघत होत्या.

१८ जून
बसावंसं वाटतं नुसतं. विहिरीजवळची जमीन ऊबदार — नको. दोनच दिवस. लास्त्री, येतोय गं.

२० जून
पिशवी भरली. मी रजेवर, म्हणून फाटकावर मुकादमच गणती घेतायत. पाक सुरोसो माझं नाव पुकारतायत. ओ दिली. पुन्हा पुकारतायत. मी त्यांच्यासमोरच —

सगळे मला शोधायला आत निघाले.

फोन. लास्त्री. मुलगी झाली म्हणतेय. कधी पोहोचताय, विचारतेय. निघालोच गं, निघालोच. ती म्हणतेय, नुसती वाफेची घरघर येतेय, बोला ना —

बोलतोय. लास्त्री, मी बोल