रागिणी-खो

१२ मे २०२५, सोमवार

आज विहारात मला खुर्ची दिली! न मागता! बुद्धपौर्णिमा, म्हणजे तिथीने माझाच वाढदिवस — नावच त्यावरून पडलं, पौर्णिमा — आणि वंदनेला सगळे खाली, मी एकटी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. शेजारच्या गंगूबाई पंचाहत्तरीच्या. त्या मस्त मांडी घालून बसल्या आणि वर मलाच, "बसा व माय, लाजू नका." तीस वर्षं अकोल्यात पोरींना खो-खो शिकवणारी बाई मी! गुडघ्यांनी पार नाक कापलं.

संध्याकाळी अंकुरने, आमच्या चिरंजीवांनी, माझ्या फोनवरचा मेसेज वाचून दाखवला. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात आठ जूनला सामना. एकोणनव्वदचा आमचा संघ विरुद्ध आत्ताच्या पोरी. आमची कप्तान इंदू, तिने नऊ नावं टाकली आहेत. चौथी मी. पाचवी रागिणी.

जेवण गेलं नाही.

१३ मे, मंगळवार

सकाळपासून तेच डोक्यात. जानेवारी १९८९, फायनल. शेवटचं मिनिट, बरोबरीला एक गुण हवा. मी चौकोनात बसलेली. रागिणी मागून धावत आली, माझ्या पाठीला हात लागला. हात लागला — शब्द नाही आला! हात आणि "खो", दोन्ही हवेत, नियम आहे. नुसत्या हातावर उठणं म्हणजे फाऊल. मी उठले नाही. समोरची पोरगी निसटली, शिट्टी झाली, एका गुणाने हरलो. रागिणी म्हणे मी ओरडले. मी म्हणे तू गिळलास. तेव्हापासून बोलणं बंद. छत्तीस वर्षं झाली, आणि आकडाही छत्तीसचाच!

माझ्या शाळेत असा गिळलेला खो म्हणजे "रागिणी-खो". मीच पाडलेलं नाव. पोरींना वाटतं नियमपुस्तकातला शब्द आहे. मी कधी सांगितलं नाही की ही बाई खरी आहे आणि परतवाड्याला राहते.

खेळायला तर जाणारच. तिला घाबरून घरी बसू की काय! पण उकिडवं बसायचं कसं? स्वयंपाकघरात दार लावून बसून पाहिलं. अंकुरने उठवलं.

१४ मे, बुधवार

प्रणालीचा फोन. माझीच विद्यार्थिनी, आता अमरावतीला फिजिओथेरपिस्ट. तिने खेळाडूंसाठी गारठ्याची खोली आणली आहे — क्रायोथेरपी. उणे एकशेदहा! तीन मिनिटं उभं राहायचं. "मॅडम, दुखणं थोडा वेळ दबते, अंग हलकं वाटते. पण गुडघा काही नवा होत नाई हं. मी सांगन ते व्यायाम करा लागतीन." पोरगी खरं बोलते, म्हणून जायचं ठरवलं. डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, बी.पी. उत्तम.

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "अकोल्यात पंचेचाळीस, तिथं उणे एकशेदहा. मधात मूर्तिजापूरले उतर, हवामान बरोबर भेटन."

१६ मे, शुक्रवार

काय सांगू! काय सांगू!

एस.टी.ने अमरावतीला पोचले तेव्हा घामाने चिंब. प्रणालीने अर्धा तास पंख्याखाली वाळत घातलं — घामाचा एक थेंब असला तरी कातडी भाजते म्हणे, थंडीने! कानातलं काढ, बांगड्या काढ. मग हाफ पँट, बंडी, लोकरी मोजे, हातमोजे, तोंडाला मास्क, कानांवरून जाड पट्टी. अठ्ठावन्नाव्या वर्षी असं ध्यान! आरशात पाहून मीच खो-खो हसले.

आधी एक छोटी खोली, उणे साठ. तिथेच जीव वर आला. मग दुसरं दार, आणि उणे एकशेदहा. पाण्यासारखी थंडी नव्हे ही. कोरडी. नाकातले केस ताठ, मांड्यांवर सुया. पंख्यांची घरघर. काचेपलीकडे प्रणाली, आत भिंतीवर एक छोटा स्पीकर. नियम असा की आतल्या माणसाशी बाहेरच्याने सारखं बोलत राहायचं आणि आतल्याने उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही की दार उघडायचं. आणि एका जागी उभं राहायचं नाही, हळूहळू गोल फिरायचं.

मी फिरत होते, मजेत होते, आणि दीड मिनिटातच धाडकन दार उघडलं! "मॅडम! उत्तर काहून नाई देल्लं?" म्हटलं, तू विचारलंसच कुठे? ती म्हणे, "दोनदा इचारलं!" आजकालच्या पोरी, ओठांतल्या ओठांत बोलतात.

बाहेर आले तर अंग लालबुंद आणि मन असं उडालेलं की काय वाटेल ते बडबडत होते. जिना उतरताना कठडा धरला नाही! आणि हाफ पँटच्या खिशात कांदा निघाला. ऊन लागू नये म्हणून घरून घेतलेला, कपडे बदलताना सवयीने पुन्हा खिशात टाकला असणार. उणे एकशेदहात ऊन लागू नये म्हणून कांदा! प्रणालीने त्याचा फोटो काढून ठेवला आहे.

१७ मे, शनिवार

गुडघा पुन्हा बोलतोय, पण हळू आवाजात. व्यायाम केले. सगळे.

२० मे, मंगळवार

आज पुन्हा गेले. जीपमधून एक बाई उतरली — पांढरे केस, पुरुषी चाल, उजवा खांदा धरलेला. चालीवरूनच ओळखलं. रागिणी! तीही प्रणालीकडेच. आठ जूनसाठीच.

मी चष्मा पुसला. तिने जीपची किल्ली बोटावर फिरवली. प्रणाली बिचारी मधे, "तुमी ओळखता का एकमेकींले?" आम्ही दोघी एकदम, "नाही."

आज पुन्हा मधेच दार उघडलं. म्हणे मी गप्प होते. कटकट आहे!

२३ मे, शुक्रवार

आज तर कहरच झाला. खोलीत दोघींची जागा होते. प्रणाली म्हणाली, "दोघी संगच जा, मॅडम मधात गप्प झाल्या तर ह्या बाई पाहतीन." नाही म्हणायचं कसं? गेलो. दोन म्हाताऱ्या, हाफ पँटीत, उणे एकशेदहात, एकमेकींकडे पाठ करून.

वीस सेकंद गेले असतील. रागिणी: "अजून तोच राग धरून आहे का व?"

मी: "तू अजून खोटं बोलतेस का?"

मग जे सुरू झालं! "म्या खो देल्ला होता! सारं मैदान ऐकून होतं!" "मैदानाला उठायचं नव्हतं, मला उठायचं होतं!" तोंडातून वाफा निघतात, दोघी गोल फिरतोय आणि भांडतोय. स्पीकरवरून प्रणाली ओरडतेय, "झाले तीन मिनिटं! निघा ना बापा!" आम्ही कसल्या निघतोय! हाताला धरून काढलं.

बाहेर मोठा घोटाळा. प्रणाली सहज बोलून गेली, "म्हणजे मॅडम, ह्या बाईनं तुमाले रागिणी-खो देल्ला?" आणि मग हातातल्या कागदावर तिने नाव वाचलं. रागिणी. पोरीचा चेहरा पडला.

रागिणी माझ्याकडे वळली. "माह्या नावानं?" एवढंच. जीप घेऊन गेली.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

२४ मे, शनिवार

प्रणालीचा फोन. "मॅडम, राग नका येऊ देऊ. म्या तिन्ही वेळा पाह्यलं. तुमची उजवी बाजू स्पीकरकडे असली का तुमी बरोबर बोलता. डावी आली का गप्प. अर्धी फेरी बोलता, अर्धी फेरी गप्प. काल त्या बाई तुमच्या डाव्या बाजूनं किती शिव्या देत होत्या, तुमी एकीचंही उत्तर नाई देल्लं."

म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस. फोन ठेवला. मग बघते तर फोन उजव्या कानाला होता. डाव्याला लावून अंकुरला फोन केला. म्हटलं हा बोलत का नाही! उजव्याला लावला, तर तो "आई, आई" करून ओरडत होता.

२६ मे, सोमवार

कान तपासले. डावा जवळजवळ बंद. आजचा नव्हे — लहानपणी गालगुंड झाले होते का, डॉक्टरांनी विचारलं. झाले होते. तिसरीत. "एका कानावर लोकांचं भागून जातं, गोंगाट नसला की कळतही नाही," म्हणाले.

हे सत्तावीस वर्षं माझ्या उजव्या हाताला चालतात. विचारलं, का? म्हणाले, "डावीकडून बोललं का तू भाव खाते." स्टाफरूममध्ये माझी डावीकडची शेवटची खुर्ची, कुणी बसलं तर मी उठवायचे.

फायनलला गोंगाट होता. रागिणी डावीकडून आली होती.

तिने खो दिला होता.

२७ मे, मंगळवार

फोन केला नाही. लाज. आणि खरं लिहायचं तर थोडा रागही — आता रागवायला कुणीच उरलं नाही, ह्याचा!

३१ मे, शनिवार

निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, गुलाबजाम. सुटी असूनही खो-खोच्या पोरी आल्या होत्या. भाषणात ठरवलेलं सगळं विसरले आणि हेच सांगून टाकलं — रागिणी खरी आहे, तिने खो दिला होता, मी बहिरी होते, आणि छत्तीस वर्षं मी एका बाईचं नाव खराब केलं. मुख्याध्यापक श्रीफळाकडे बघत बसले.

नववीतली करिश्मा उभी राहिली. "मॅडम, मंग गिळलेल्या खोले आता काय म्हणाचं?"

"पौर्णिमा-खो म्हणा."

"पण मॅडम, तो तर न ऐकलेला होते. गिळलेला नाई." पोरगी पंच होणार! सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त.

आता रागिणीला सांगायचं. टाळ्या आणि गुलाबजाम नसताना.

३ जून, मंगळवार

मुद्दाम तिची वेळ विचारून गेले. म्हटलं, एकत्रच जाऊ. ती पट्टी बांधायला लागली. आत गेल्यावर मी तिला उजवीकडे घेतलं. तीन मिनिटंच हातात, म्हणून पाल्हाळ न लावता सांगितलं. कान, गालगुंड, सगळं. "तू खो दिला होतास. मला माफ कर."

ती फिरायची थांबली. मला वाटलं आता हाणते.

म्हणाली, "पौर्णिमा, मलेच वाटे का आवाज निघालाच नसन. किती वर्षं. जीपीत एकटी असली का म्हणून पाहो — खो! निंगते का नाई आवाज. लेकरं झाले, नातू झाले, तरी म्हणून पाहो."

माझा बांध फुटला, तिचाही. आणि स्पीकरवर प्रणालीची बोंब, "रडू नका! डोये ओले नाई चालत आतमधी! निघा पह्यले!" आम्हाला ओढून बाहेर काढलं, टॉवेलने डोळे पुसले, आणि मग मेली स्वतःच रडायला लागली.

नंतर तिघींनी गिला वडा खाल्ला, झणझणीत. रागिणीने जीपमधून बडनेरा स्टेशनपर्यंत सोडलं. मी डावीकडच्या सीटवर, ती उजवीकडे, आणि सबंध रस्ताभर ती बोलत होती. एकूण एक शब्द ऐकला. इतकं हलकं कुठल्या गारठ्याने वाटलं नव्हतं.

७ जून, शनिवार

उकिडवं बसता येतं! गुडघा कुरकुरतो, पण बसतो. चार मिनिटं चाळीस सेकंद, ह्यांनी घड्याळ लावून मोजलं. इंदूला कळवलं, रागिणीला माझ्या शेजारीच ठेव.

८ जून, रविवार

शेवटचं मिनिट, एक गुण हवा होता. तसंच! रागिणी मागून आली, डावीकडून. पाठीला हात लागला. शब्द ऐकू आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा शब्दाशिवाय उठले — आणि धावले!

पंचांची शिट्टी मात्र स्पष्ट ऐकू आली. फाऊल. एका गुणाने हरलो.

वळून पाहिलं तर रागिणी गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत, हसून हसून लाल. "दम लागला होता व! आवाजच नाई निंगाला!"

दोघी मैदानातच मांडी घालून बसलो, पोरींनी उठवेपर्यंत हसत.

एकोणनव्वदचं मी विचारलं नाही.