खाटकाच्या लेकीची जीभ

तीर्थरूप बाबा,

लांबूनच वाकून नमस्कार करते. मी ठणठणीत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? दुकानात गिऱ्हाईक असतं ना?

आमच्या कारखान्यात रस काढून उरलेल्या फळांच्या चोथ्यावर बुरशी वाढवतात आणि तिचं मटण करतात, हे ऐकून तुम्ही किती हसला होता! मीही हसत होते, कालपर्यंत.

काल मोठ्या मॅडम म्हणाल्या, "तू खाटकाची लेक. तुझी जीभ फसली, तर सगळं जग फसेल." डोळ्यांवर फडकं बांधून त्यांनी मला दोन घास भरवले. एक खऱ्या मटणाचा, एक बुरशीचा. मी छातीठोकपणे सांगितलं, "दुसरा खरा. दाताखाली असा धागा सुटतो तो फक्त आमच्या बाबांच्या मटणाचा!"

फडकं सोडलं. दुसरा बुरशीचा होता.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली होती. आईला यातलं काही बोलू नका.

आता त्यांना चव घ्यायला खुद्द तुम्हीच हवे आहात. तिकीटही तेच काढणार आहेत. बाबा, तुमची फार आठवण येते. पण तुम्ही येऊ नका.

तुमचीच,
धाकटी